पारंपरिक औषधांवरील शोधनिबंध: जे मागाहून मिळवता येत नाही

अंत्रुजची वैद्य (धागाकर्ती)

नमस्कार. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे शोधनिबंध नियतकालिकांकडे जाण्यापूर्वी वाचून देण्याचे काम मी बऱ्याच काळापासून करते. शिरोड्याचे आयुर्वेद महाविद्यालय गोव्यात आधीपासून आहेच. डिसेंबर २०२२ मध्ये धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र सुरू झाले, आणि ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठातूनही गावठी औषधांविषयी विचारणा होत असते. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की निबंध कसा लिहावा आणि कुठे पाठवावा. माझ्या मते हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. भाषा सुधारता येते, तक्ते पुन्हा आखता येतात, संदर्भांची मांडणी एका दिवसात बदलता येते. परंतु काही गोष्टी अशा आहेत की त्या काम सुरू होण्यापूर्वी किंवा काम चालू असताना हाती आल्या नाहीत, तर नंतर कितीही धडपड केली तरी मिळत नाहीत, आणि बरेच निबंध नेमके त्यांच्यावाचून परत येतात. हा धागा त्यांच्यासाठी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वनस्पतीचा नमुना. 'कुड्याची साल स्थानिक बाजारातून घेतली आणि तज्ज्ञाकडून ओळखून घेतली' एवढ्या एका वाक्यावर आज कोणतेही चांगले नियतकालिक समाधान मानत नाही. आपल्याकडे पांढरा कुडा म्हणजे होलार्‍हेना प्युबेसन्स आणि काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया ही दोन्ही झाडे एकाच डोंगरावर आढळतात. दोघांच्या बियांना इंद्रजवच म्हणतात, एकाच्या कडू आणि दुसऱ्याच्या गोड्या. सुकलेली साल हातात घेऊन त्यांच्यात फरक करणे अनुभवी माणसालाही जड जाते. झाडावर शेंगा असतील तर प्रश्नच उरत नाही, कारण काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात आणि पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. म्हणूनच ज्या झाडाची साल घेतली त्याच झाडाची फुलाफळांसह फांदी दाबून, सुकवून, स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहून मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, ठेवायची असते, आणि तिथून मिळालेला क्रमांक निबंधात द्यायचा असतो. प्रयोग संपल्यावर, साल दळून झाल्यावर, दुसऱ्याच झाडाची फांदी नेऊन हा क्रमांक मिळवणे म्हणजे खोटा पुरावा तयार करणे होय, आणि हे मी कोणत्याही विद्यार्थ्याला करू देत नाही. आपल्याकडच्या कित्येक औषधी वनस्पती केवळ पावसात उगवतात आणि फुलण्याचा काळ अल्प असतो. तो हुकला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते, आणि प्रबंधाची मुदत थांबत नाही. पावसाळ्यात नमुने दाबताना वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांनी वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या जाणकाराला आरंभापासून सोबत घ्यावे आणि त्याला सहलेखकही करावे.

नावांचा घोळ कुड्यापुरता नाही. ब्राह्मी म्हणून कोणी बॅकोपा मोनिएरी देतो, कोणी सेंटेला एशियाटिका. शंखपुष्पी या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निदान तीन-चार वेगळ्या वनस्पती वापरल्या जातात, आणि रास्नेचीही तीच स्थिती आहे. वाचकांना २०२१ मधला गुळवेलीचा वाद आठवत असेल. मुंबईतील सहा रुग्णांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा आयुष मंत्रालयाचा मुख्य आक्षेप असा होता की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे त्या अभ्यासात पुरेसे तपासलेले नाही. या वादात कोणाची बाजू बरोबर यात मी येथे शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की औषध गुणकारी आहे असे म्हणणारा आणि घातक आहे असे म्हणणारा, दोघेही वनस्पतीच्या ओळखीपाशीच अडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे परवानगी. माणसांशी संबंधित कोणत्याही कामाला, मग ते औषधाची चाचणी असो वा सांग्यातील एखाद्या गावकऱ्याची मुलाखत, काम सुरू होण्यापूर्वी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. 'केवळ प्रश्न विचारले, औषध दिले नाही' हा बचाव चालत नाही. कमिटी मागील तारखेची मंजुरी देत नाही आणि देऊ नये. चिकित्सेची चाचणी असेल तर तिची नोंद भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, पहिला रुग्ण सामील होण्यापूर्वी झालेली असली पाहिजे. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून तिथे केवळ आधी केलेली नोंदणी स्वीकारली जाते. नोंदणीला शुल्क नाही. तरीही दरवर्षी कोणी ना कोणी, सर्व रुग्णांचे उपचार संपल्यावर, नोंदणी कशी करावी असे विचारत येतो. अशा वेळी माझ्याकडे देण्यासारखे उत्तर नसते, आणि त्या विद्यार्थ्याच्या कष्टांची मला मनापासून हळहळ वाटते.

तिसऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांच्या संमतीविषयी, मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. परंतु त्यावर आधी इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

सत्तरीची वाट

धाग्याबद्दल आभार, ताई. मी वाळपई परिसरात लोकवनस्पतिशास्त्राचे क्षेत्रकाम करतो. संमतीपत्राचा नमुना आमच्याकडे इंग्रजीत आहे. ज्या वृद्ध वैदूंकडे मी जातो त्यांच्यापैकी काहींना सही करण्याचीच धास्ती वाटते, कारण कागदावर सही म्हणजे जमिनीचा व्यवहार असाच त्यांचा आजवरचा अनुभव आहे. दुसरी अडचण अशी की एका आजोबांनी मला हाडमोडीवरचा लेप दाखवला आणि नंतर म्हणाले की झाडाचे नाव लिहिलेस तर औषधाचा गुण जाईल. ते नाव मी निबंधात द्यावे की नाही? आणि देवराईतील वनस्पतींचे काय? निरंकाराच्या राईसारख्या ठिकाणी फांदी तोडणे गावाला मान्य नाही, आणि व्हाउचर नमुन्याशिवाय, म्हणजे हर्बेरियममध्ये ठेवलेल्या फांदीशिवाय, नियतकालिक ऐकत नाही.

अंत्रुजची वैद्य

आपण विचारलेल्या प्रश्नांत या कामाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

संमती ही सहीच्या आधी संवादातून मिळते. कोकणीत समजावून सांगावे, ते सांगणे आणि त्यांचा होकार त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावा, गावातला त्यांच्या विश्वासाचा एखादा साक्षीदार बसवावा, आणि ही पद्धत एथिक्स कमिटीकडून आधीच मंजूर करून घ्यावी. मौखिक संमती नियमात बसते. अट एवढीच की ती कशी घेतली हे निबंधात स्पष्ट लिहिले पाहिजे. संमती घेताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: माहिती लिहून घेऊ का, ती प्रसिद्ध करू का, आणि आपले नाव देऊ का. पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार हे पूर्ण वैध उत्तर आहे. आजोबांनी नाव लिहू नकोस असे सांगितले असेल, तर ते नाव निबंधात येता कामा नये. तो लेप वगळून उरलेली नोंद प्रसिद्ध करावी आणि 'माहितगारांच्या इच्छेनुसार काही नोंदी प्रसिद्ध केलेल्या नाहीत' असे वाक्य घालावे. चांगला संपादक अशा वाक्याचा आदर करतो.

मात्र त्यांना दुसरी बाजूही सांगावी. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट मिळाले होते. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ते रद्द कशामुळे झाले? संस्कृत ग्रंथांचे आणि जुन्या छापील शोधनिबंधांचे दाखले सादर करता आले म्हणून. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारला गेला, त्यामागेही हाच विचार होता. तो संग्रह मुख्यतः ग्रंथांतील ज्ञानाचा आहे. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या वैदूच्या तोंडी असलेले औषध कोणत्याही संहितेत नाही, त्यामुळे ते कुठेच छापलेले नसेल तर उद्या कोणी त्यावर हक्क सांगितल्यावर दाखवायला आपल्यापाशी काही नसेल. दुसरीकडे, छापल्यावर ते सर्वांसाठी खुले होते आणि एखादी कंपनी त्यावरून उत्पादन काढू शकते. हे दोन्ही धोके खरे आहेत, आणि निवड करण्याचा अधिकार ज्याचे ज्ञान आहे त्याचा आहे. आपले काम दोन्ही बाजू प्रामाणिकपणे त्याच्यापुढे ठेवणे एवढेच आहे.

देवराईबाबत माझे मत स्पष्ट आहे. गावाची मनाई असेल तर फांदी तोडू नये. तीच जाती राईबाहेर वाढत असेल तर तिथून नमुना घ्यावा. नसेल तर फुलाफळांची, पानाच्या दोन्ही बाजूंची, सालीची मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत आणि नमुना का घेतला नाही याचे कारण कार्यपद्धतीच्या भागात लिहावे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांत तर गावाचा होकार पुरेसा नाही, तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याची लेखी परवानगी लागते.

एक गोष्ट राहिली, ती लेखकत्वाची. वैदूचे नाव केवळ ऋणनिर्देशात द्यावे असा प्रघात पडला आहे. निबंधाचा मूळ ऐवजच त्यांच्याकडून आला असेल तर मला तो प्रघात अन्यायाचा वाटतो. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष पाहिले तर लेखकाने कामात भरीव वाटा उचललेला असावा, मसुद्याच्या लेखनात किंवा टीकात्मक दुरुस्तीत भाग घेतलेला असावा, अंतिम रूपाला मान्यता द्यावी आणि उत्तरदायित्व स्वीकारावे, अशा चार अटी आहेत. इंग्रजी न येणे हा त्यांतला अडसर नाही. मसुदा त्यांना कोकणीत वाचून दाखवावा, त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या टिपाव्यात आणि तसे निबंधात नमूद करावे. मुळाची मात्रा चुकीची लिहिली गेली आहे हे त्या वाचनात वैदूनेच दाखवून दिल्याचे मी पाहिले आहे. तेवढी दुरुस्ती कोणत्याही रिव्ह्यूअरला, म्हणजे नियतकालिकासाठी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाला, करता आली नसती.

ताळगाव पठार

मी औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत एक विसंगती सतत दिसते. प्रस्तावनेत लिहिलेले असते की गावात या सालीचा काढा पितात, आणि प्रयोगात मात्र सुकवलेल्या सालीचा मिथेनॉलमधला अर्क वापरलेला असतो. मिथेनॉलमध्ये जे उतरते ते पाण्यात उतरतेच असे नाही, आणि उलटही खरे आहे. मग त्या प्रयोगावरून पारंपरिक वापराला पुष्टी मिळाली असे कसे म्हणता येईल? आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ (काढा), हिम आणि फांट अशा पाच कल्पना, म्हणजे औषध बनवण्याच्या रीती, वेगळ्या मानल्या त्या उगाच नव्हे. शारंगधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने काढ्यासाठी एक भाग द्रव्याला सोळा भाग पाणी घालून आठवा भाग उरेपर्यंत आटवायला सांगितले आहे. असे प्रमाण उपलब्ध असताना प्रयोगशाळेत ते पाळायला काहीच हरकत नाही, आणि पाळले नाही तर का पाळले नाही हे लिहावे.

चीनमधील शास्त्रज्ञ तू यूयू यांचे उदाहरण या संदर्भात मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. हिवतापावर छिंगहाव या वनस्पतीचे अर्क प्रयोगात कधी चालत, कधी नाही. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितले होते, उकळायला नाही. हे वाचून उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क तू यूयू यांनी केला, कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, आणि त्यातून आर्टेमिसिनिनचा शोध लागला. २०१५ च्या नोबेल पुरस्कारामागे कृतीचे असे बारकाईने केलेले वाचन होते. म्हणून क्षेत्रकामात औषध 'कशावर' आहे हे विचारताना ते ताजे की सुकलेले, ठेचलेले की उकळलेले, कशासोबत आणि किती, हे तितक्याच काळजीने टिपावे. दुधात उगाळलेले मूळ आणि पाण्यात उकळलेले मूळ ही दोन वेगळी औषधे आहेत असेच धरून चालावे.

शीर्षकांविषयीही एक विनंती आहे. काचेच्या भांड्यात एका विकराची क्रिया मंदावली म्हणून निबंधाला 'मधुमेहनाशक' असे नाव देऊ नये. केवळ संगणकावर रेणू जुळवून पाहिलेल्या कामाला तर औषधी गुणाचा पुरावा म्हणताच येत नाही.

पाटो ग्रंथप्रेमी

मी वैद्यकातला नाही, जुन्या पोर्तुगीज ग्रंथांचा अभ्यासक आहे. इतिहासाच्या अंगाने दोन गोष्टी सुचवतो.

गोव्यातील औषधींवरच्या निबंधांत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यांचा उल्लेख जवळजवळ अनिवार्य असतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांचा भारतातील औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. परंतु उल्लेख करणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रत्यक्षात मार्कहॅम यांचा १९१३ चा इंग्रजी अनुवादच पाहिलेला असतो, किंवा तोही नाही. क्लूसियस यांनी १५६७ मध्ये केलेला लॅटिन संक्षेप युरोपभर वाचला गेला, आणि त्यात मूळ मजकूर बराच कापलेला व बदललेला आहे. जे वाचले तेच संदर्भात द्यावे, आणि अनुवाद वाचला असेल तर तसे लिहावे. द. जे. दालगादो या गोमंतकीय डॉक्टरांनी १८९८ मध्ये गोवा आणि सावंतवाडीच्या वनस्पतींवर लिहिलेले पुस्तकही पाहावे. त्यातील शास्त्रीय नावे आता बदलली असल्याने ती आजच्या मान्य नावांशी ताडून घ्यावी लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे 'हजारो वर्षांपासून वापरात असलेली' हे वाक्य. काजू, पपई, अननस, मिरची या अमेरिका खंडातल्या वनस्पती आहेत, आणि त्या पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात व त्यानंतर इकडे आल्या. पपईच्या पानांच्या रसावर निबंध लिहिताना प्रस्तावनेत प्राचीन परंपरेचा दाखला दिला तर जाणकार रिव्ह्यूअर पहिल्याच परिच्छेदात थांबेल. चारशे वर्षांची लोकपरंपरा ही लहान गोष्ट नाही, तिला तिच्या खऱ्या वयासह मांडावे.

आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यासाठी तो ग्रंथ तयार करवणारे डच अधिकारी वान ऱ्हीडे यांना माहिती देणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांचेही आहे. वैदूंच्या नावाविषयी ताईंनी जे लिहिले त्याला असा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आधार आहे.

तेजो नदीकाठ

मी मूळची मडगावची, सध्या लिस्बनमध्ये संशोधन करते आणि माझे नागरिकत्व आता पोर्तुगीज आहे. काणकोणमधील माझ्या आजोळी वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांचे रासायनिक विश्लेषण इथे करण्याचा विचार आहे. भावाने सुकवलेली मुळे पाठवली तर चालेल का? निबंधात त्याचे नाव सहलेखक म्हणून देईनच.

अंत्रुजची वैद्य

ताई, कृपया तसे करू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार, जी व्यक्ती भारताची नागरिक नाही तिला येथील जैविक साधने किंवा त्यांच्याशी निगडित ज्ञान संशोधनासाठी घेण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. जन्म गोव्यातला आहे किंवा झाड स्वतःच्या आजोळच्या कुळागरातले आहे, याने त्यात फरक पडत नाही. गोव्यात पोर्तुगीज पारपत्र घेतलेली कितीतरी कुटुंबे आहेत, म्हणून हा मुद्दा आपल्याकडे इतर राज्यांपेक्षा अधिक वेळा उद्भवतो. सरकारमान्य सहकार्य प्रकल्पांना सवलत आहे, त्यामुळे येथील एखाद्या संस्थेबरोबर रीतसर प्रकल्प आखणे हा मार्गही तपासून पाहा. येथे विश्लेषण करून निष्कर्षांचा निबंध प्रसिद्ध करणे ही वेगळी बाब आहे, आणि शोधनिबंधाच्या प्रकाशनाला कायद्याने मोकळीक ठेवलेली आहे. पेटंटचा विचार असेल तर मात्र भारतीय नागरिकालाही प्राधिकरणाकडे जावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने वैद्यांना आणि संहिताबद्ध ज्ञानाला बऱ्याच सवलती दिल्या आहेत, परंतु आपण विचारलेल्या प्रश्नापुरती मूळ अट तशीच आहे. अनेक नियतकालिके आता नमुने देशाबाहेर कोणत्या परवानगीने गेले हे विचारतात. ती परवानगीही मागाहून मिळत नाही.

द्रव्यगुण तृतीय वर्ष

मॅडम, नियतकालिक कसे निवडावे यावर कृपया लिहावे. मला रोज ईमेल येतात की आपला मौलिक निबंध पाठवा, पाच दिवसांत प्रसिद्ध करू, शुल्क अमुक इतके. आमच्या एका वरिष्ठांनी असे पैसे भरले, निबंध छापूनही आला, आणि काही महिन्यांनी ते संकेतस्थळच बंद झाले. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची केअर यादी पाहावी असे पूर्वी सांगत, ती आता नाही असे ऐकले.

अंत्रुजची वैद्य

बरोबर ऐकलेत. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. त्यामुळे स्वतः पारखणे आले. जे नियतकालिक रिव्ह्यू न करता पाच दिवसांत छापते ते आपल्या कामाची किंमत करत नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे. आपण स्वतः जे निबंध वाचले, ज्यांच्यावरून आपला विषय उभा राहिला, ते कुठे छापले गेले ते पाहावे, आणि तिथूनच यादी सुरू करावी. बहुतेकांना उपयोगी पडतील अशी नावे सांगायची तर लोकज्ञानासाठी सीएसआयआरचे 'इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज', आयुर्वेदाच्या चिकित्सा आणि सिद्धान्तासाठी 'जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन' आणि जामनगरचे 'आयु', तर वनस्पतींच्या औषधी क्रियेसाठी 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी'. शेवटच्या नियतकालिकात सारांशाचा पहिला उपविभागच पारंपरिक वापराशी असलेल्या संबंधाचा असतो, म्हणून तिथे पाठवताना ताळगाव पठार यांनी लिहिलेला काढ्याचा मुद्दा विशेष सांभाळावा. मोठ्या प्रकाशकाचे नाव म्हणजे हमी असे समजू नये. वायलीने विकत घेतलेल्या हिंदावीच्या नियतकालिकांतून २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

एकाच वेळी दोन ठिकाणी निबंध पाठवू नये. पाठवण्यापूर्वी त्या प्रकारच्या अभ्यासासाठी ठरलेली तपासणीसूची भरावी. वनौषधींच्या चाचण्यांसाठी कन्सॉर्ट या चाचण्यांच्या सूचीची २००६ मधली खास पुरवणी आहे, एकेका रुग्णाच्या वृत्तान्तासाठी २०१३ पासूनची केअर सूची आहे (यूजीसीच्या केअर यादीशी तिचा संबंध नाही), पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्मा २०२०. ही सूची काम आखतानाच समोर ठेवली तर पुष्कळ हानी टळते, कारण वनौषधींच्या पुरवणीतील बरेच प्रश्न औषधाचा स्रोत, भाग, अर्काची रीत आणि प्रमाणीकरण यांच्याभोवती फिरतात, आणि त्यांची उत्तरे औषध बनवतानाच लिहून ठेवावी लागतात. लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असेल तर ते जाहीर करावे. त्या साधनाने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ निबंध उघडून पाहिल्याशिवाय ठेवू नये, कारण अस्तित्वातच नसलेले संदर्भ त्यातून सहज येतात.

केरी घाटमाथा

सर्वांचे वाचले. थोडा वेगळा सूर लावतो, गैरसमज नसावा. आयुर्वेदात प्रकृती, ऋतू, देश, अग्नी पाहून प्रत्येक रुग्णाला वेगळे औषध दिले जाते. सर्वांना एकच गोळी देऊन, अर्ध्यांना खोटी गोळी देऊन केलेली तुलना ही दुसऱ्या वैद्यकाची पद्धत आहे. आपण तिच्यासमोर मान तुकवून निबंध लिहायचे, आणि मग आमच्या शास्त्रात पुरावा नाही असे ऐकून घ्यायचे. असे निबंध लिहिण्यापेक्षा ग्रंथ आणि गुरुपरंपरा सांभाळणे अधिक महत्त्वाचे नाही का?

अंत्रुजची वैद्य

आपली तळमळ मला पूर्ण समजते, आणि आक्षेपाचा पहिला भाग मला मान्यही आहे. एकच द्रव्य सर्वांना देऊन आयुर्वेदाची परीक्षा होत नाही. मात्र प्रत्येक रुग्णाला वेगळे औषध देऊनही काटेकोर चाचणी होते, हे करून दाखवले गेले आहे. कोइम्बतूरला आमवातसदृश संधिवाताच्या ४३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत वैद्यांनी आपल्या पद्धतीने प्रत्येकासाठी औषधे निवडली, आधुनिक गटाला मेथोट्रेक्सेट मिळाले, तिसऱ्या गटाला दोन्ही, आणि दोन्ही प्रकारच्या औषधांची हुबेहूब नक्कल तयार केल्यामुळे कोणाला काय मिळते हे रुग्णाला वा डॉक्टरला कळत नव्हते. ३६ आठवड्यांच्या या अभ्यासाचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णसंख्या लहान होती आणि लेखकांनी त्याला प्राथमिक अभ्यासच म्हटले, परंतु वैद्याचे स्वातंत्र्य राखून तुलना करता येते हे त्यातून सिद्ध झाले.

निदानाच्या भाषेतही मान तुकवण्याचे कारण उरलेले नाही. आयुष मंत्रालयाच्या नमस्ते पोर्टलवर आयुर्वेदीय व्याधींची सांकेतिक नावे आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानीसाठी वेगळा विभाग सुरू झाला. निबंधात आयुर्वेदीय निदान आधी आणि आधुनिक निदान त्याच्याशेजारी, असे दोन्ही द्यावे.

गुरुपरंपरा सांभाळायची आहे म्हणूनच लिहायचे आहे. आपल्या भागातील जे वैद्य गेले त्यांच्या वह्या कुणाच्या माळ्यावर आहेत, किती वाळवीने खाल्ल्या, हे आपणही जाणता.

केरी घाटमाथा

माळ्यावरच्या वह्यांचे म्हणणे मान्य आहे. माझ्या काकांकडे जीर्णज्वराचे आणि ग्रहणीचे काही रुग्ण वर्षानुवर्षे येतात, त्यांची टिपणे माझ्यापाशी आहेत. मोठी चाचणी माझ्या आवाक्याबाहेरची आहे. एकेका रुग्णाचा वृत्तान्त लिहायचा तर कुठून सुरुवात करू?

अंत्रुजची वैद्य

जो रुग्ण अजून उपचारात आहे त्याच्यापासून सुरुवात करा, जुन्या टिपणांपासून नको. त्याची लेखी संमती आजच घ्या. नाव दिले नाही तरी वय, गाव आणि व्याधी यांवरून लहान गावात माणूस ओळखू येतो, हे त्याला स्पष्ट सांगा. उपचारापूर्वीच्या तपासण्या झाल्या नसतील तर पुढच्या भेटीपूर्वी करून घ्या. केअर सूचीत कालरेषा मागितली आहे, म्हणून प्रत्येक भेटीची तारीख, लक्षणे, औषध, अनुपान (औषधासोबत घ्यायचा पदार्थ), मात्रा आणि पथ्य एका तक्त्यात मांडत चला. रुग्ण त्याच काळात दुसऱ्या डॉक्टरांची औषधे घेत असेल तर ती न वगळता लिहा. गुण आला नाही किंवा त्रास वाढला, तर तेही त्याच तक्त्यात आले पाहिजे. काकांनी औषध स्वतः बनवले असेल तर प्रत्येक घटकाचा नमुना बाजूला ठेवा. कुड्याची साल असेल, तर झाडाला शेंगा असताना मला कळवा, मी केरीला येऊन फांदी दाबून देईन.